अकरा छोट्या जाहिराती

ताई एकोणिसाव्या वर्षी वर्तमानपत्राच्या कचेरीत लागल्या, तेव्हा त्यांचं काम एकच होतं, मोठ्याने वाचणं. समोर मुद्रितशोधक बसायचे. त्यांच्या हातात ओल्या शाईचं प्रूफ आणि ताईंच्या हातात मूळ मजकूर. ताई वाचायच्या, "नगरपालिकेच्या कालच्या सभेत स्वल्पविराम पाणीपुरवठ्याच्या प्रश्नावर स्वल्पविराम तीन तास चर्चा झाली पूर्णविराम." मुद्रितशोधक प्रूफावर बोट फिरवत ऐकायचे आणि जुळलं नाही तिथे लाल खूण करायचे. घरी आल्यावरही ही सवय सुटायची नाही. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात ताईंनी सासूबाईंना वाण्याची यादी वाचून दाखवली ती स्वल्पविरामांसकट. सासूबाई आपल्या लेकाला म्हणाल्या, "अरे, ही मुलगी बोलते की तार करते?"

लेक त्याच कचेरीत तळमजल्यावर छपाईचं यंत्र चालवायचा. म्हणजे ताईंनी वर तपासलेलं पान खाली नवरा छापायचा, आणि सकाळी सासूबाई ते चहाबरोबर वाचून दोघांच्या चुका काढायच्या.

बारा वर्षं वाचल्यावर ताई स्वतः मुद्रितशोधक झाल्या आणि पुढची बावीस वर्षं त्यांनी गावाचा मजकूर डोळ्यांत तेल घालून तपासला. त्या कचेरीचा एक जुना शिरस्ता होता. ज्याचं बोलणं छापायचं, त्याला छापण्याआधी फोन करून ते वाचून दाखवायचं. नगरसेवक असो की म्हैस चोरीला गेलेला गवळी, शिरस्ता सगळ्यांना एकच. नगरसेवक कधी कधी गयावया करायचे. "ताई, ते मी रागात बोललो हो, गाळा ना."

"बोललात की नाही?"

"बोललो."

"मग रागात म्हणाले, असं छापते," ताई म्हणायच्या आणि फोन ठेवायच्या.

कुठल्या ठरावावर कोणी हात वर केला आणि कोणी खाली ठेवला, हे नावानिशी छापून यायचं. त्यामुळे हात वर करण्याआधी माणूस जरा विचार करायचा. गावात वर्तमानपत्राच्या अकरा हजार प्रती खपायच्या. ज्या घरी पेपर येत नसे, ते शेजारच्यांचा मागून वाचायचे.

मग जुने मालक वारले. मुलांना वाटण्या करायच्या होत्या, त्यांनी पेपर एका समूहाला विकून टाकला. या समूहाची चौतीस गावांत चौतीस वर्तमानपत्रं होती, दोन दूरचित्रवाहिन्या होत्या, एक रेडिओ होता आणि शिवाय बाजार-इमारती बांधणारी एक कंपनीही होती. पहिल्या वर्षी तळमजल्यावरचं यंत्र गेलं. ताईंचा नवरा फाटकाशी उभा राहून ते ट्रकमध्ये चढताना बघत राहिला आणि घरी येऊन इतकंच म्हणाला, "उलटं चढवलं त्यांनी." त्यानंतर त्याने घराच्या पुढच्या खोलीत पुस्तकबांधणीचं काम सुरू केलं. दुसऱ्या वर्षी बातमीदार गेले, मग मुद्रितशोधक. आता चौतीस गावांची पानं राजधानीतल्या एका लांबलचक हॉलमध्ये बनायची. तिथली मुलं एका हाताने एका गावाचं पान लावायची आणि दुसऱ्या हाताने दुसऱ्याचं. पान छापायचं चार तासांवरच्या छापखान्यात, म्हणून गावाचं पान दुपारी दीडलाच बंद व्हायचं. दुपारनंतर गावात काही घडलंच, तर ते परवाच्या अंकात.

ताईंना काढलं नाही, कारण छोट्या जाहिरातींच्या खिडकीवरची मुलगी नेमकी त्याच महिन्यात नोकरी सोडून गेली होती. "तात्पुरतं बसा," असं संपादक म्हणाले. संपादक माणूस चांगला, पण समूहाने त्यांचं पदच बदलून 'विभागीय समन्वयक' केलं होतं, तेव्हापासून ते बोलताना आधी दाराकडे बघायचे. त्या तात्पुरत्याला तीन वर्षं झाली. ताई खिडकीमागे बसून हरवलेल्या छत्र्या, भाड्याच्या खोल्या आणि श्रद्धांजल्या लिहून घेत होत्या. त्यातही त्या गिऱ्हाइकाला मजकूर वाचून दाखवायच्या. "'प्रशस्त खोली' लिहिलंय तुम्ही. किती बाय किती?" घरमालक आकडा सांगायचा. "मग 'प्रशस्त' नको, आकडाच लिहू." लोक कुरकुरायचे, पण जाहिरात द्यायला तिथेच यायचे, कारण त्या पानावर आलेली खोली खरोखर तेवढीच असायची.

बाकी पेपराची मात्र रया गेली. पहिल्या पानावर राजधानीतल्या बातम्या, तिसऱ्या पानावर गावाच्या नावाखाली कुठलंही काहीतरी. खप चार हजारांवर आला. नगरपालिकेच्या सभागृहात पत्रकारांचं बाक होतं, त्यावर आता शिपाई आपला डबा ठेवायचा. अशाच एका रिकाम्या सभेत बाजाराचं मैदान तीस वर्षांसाठी समूहाच्याच बांधकाम कंपनीला द्यायचा ठराव झाला. कोणी हात वर केला, कोणी नाही, कुणालाच कळलं नाही. भाजीवाल्या एका सकाळी टोपल्या घेऊन मैदानावर गेल्या, तेव्हा तिथे खुंट्या ठोकलेल्या होत्या. त्यांच्यातली एक ताईंच्या खिडकीशी येऊन म्हणाली, "ताई, मैदान हरवलंय. जाहिरात घ्या." ती चेष्टेत म्हणाली होती, पण ताईंना त्या दिवशी जेवण गेलं नाही.

म्हणून यंदाच्या नगरपालिकेच्या निवडणुकीची गाव वाट बघत होतं. मतदान रविवारी होतं. दोन शाळांची दुरुस्ती चालल्यामुळे अकरापैकी सात प्रभागांची मतदान केंद्रं यंदा बदलली होती. निवडणूक कचेरीने नव्या केंद्रांची यादी नेहमीप्रमाणे वर्तमानपत्राकडे पाठवली होती, ती ताईंच्याच खिडकीवर आली होती. ताईंनी ती राजधानीला पाठवून तिची प्रत आपल्या फायलीत लावून ठेवली होती.

शनिवारी दुपारी एक वाजून पन्नास मिनिटांनी ताईंनी डबा उघडला. समोरच्या संगणकावर उद्याचं तिसरं पान दिसत होतं. ते बघणं आता त्यांचं काम नव्हतं, पण ताटातलं आणि पानातलं दोन्ही बघितल्याशिवाय त्यांचा घास उतरत नसे. वर मोठ्या अक्षरांत गावाचं नाव, 'आज मतदान, आपलं केंद्र जाणून घ्या'. खाली अकरा प्रभागांची यादी. ताई सातव्या ओळीवर थांबल्या. 'प्रभाग सात, कापडगिरणी सभागृह'.

या गावात कापडगिरणी कधीच नव्हती.

त्यांनी डबा बंद केला आणि फायलीतली प्रत काढून ओळीला ओळ लावली. अकराच्या अकरा चुकीच्या. यादी नदीपलीकडच्या गावाची होती. तिथेही अकरा प्रभाग, तिथेही उद्याच मतदान. हॉलमधल्या कोणीतरी दोन गावांची पानं शेजारी शेजारी लावताना यादी उचलून भलतीकडे ठेवली होती. गिरणी सोडली तर बाकी नावं अशी, की परक्याला कधी संशय येऊ नये. मुलींची शाळा, वाचनालय, टपाल कचेरीमागचा दवाखाना. ही ठिकाणं दोन्ही गावांत होती, फक्त प्रभाग वेगळे. म्हणजे प्रभाग तीनचा माणूस सकाळी मुलींच्या शाळेत जाणार, तासभर रांगेत उभा राहणार, यादीत नाव नाही म्हणून परत येणार. गावातल्या अर्ध्याअधिक लोकांची केंद्रं बदललेली, त्यामुळे गेल्या वेळच्या आठवणीचाही उपयोग नाही. क्षणभर त्यांच्या मनात बाजाराच्या मैदानाचा विचारही आला. हे कोणी मुद्दाम तर केलं नसेल? पण हॉलमधली ती मुलं त्यांना माहीत होती. त्यांना मैदान माहीत नव्हतं, गाव माहीत नव्हतं आणि नदीसुद्धा माहीत नव्हती. कोणी वाईट चिंतलं असतं तर भांडता आलं असतं. इथे कोणी काही चिंतलंच नव्हतं.

त्यांनी राजधानीला फोन लावला. एका मुलीने उचलला.

"तिसऱ्या पानावरची यादी दुसऱ्या गावाची आहे."

"पान गेलंय, मॅडम. तुमचं पद काय?"

"छोट्या जाहिराती घेते."

"मग पानाबद्दल तुमच्या समन्वयकांना तक्रार नोंदवायला सांगा. नंबर मिळेल."

"बाळ, नंबर नको. यादी बदला."

"नंबर घेतल्याशिवाय मला काहीच करता येत नाही हो," ती मुलगी खरोखर काकुळतीला येऊन म्हणाली.

ताई जिना चढून संपादकांकडे गेल्या. त्यांनी तीन फोन केले. पहिला साहेब सुट्टीवर होता. दुसरा म्हणाला, छपाई थांबवायची तर संचालकांची मंजुरी लागेल. संचालक विमानात होते. संपादकांनी रुमालाने कपाळ पुसलं. "सोमवारी दुरुस्ती छापू म्हणाले, ताई."

"ती काय मतपेटीला चिकटवायची?"

"माझ्या हातात काय आहे सांगा."

"निवडणूक कचेरीला विचारलंत?"

विचारलं होतं. तिथला लिपिक म्हणाला होता की यादी वर्तमानपत्राला दिली, तिथे आमचं काम संपलं. पत्रकं काढायची तर वरून परवानगी, आणि शनिवारी दुपारी वर कोणी नसतं.

जिना उतरताना ताईंना आठवलं की एक पान अजून उघडं आहे. सातवं पान, छोट्या जाहिरातींचं. जाहिरात म्हणजे रोख उत्पन्न, म्हणून समूहाने तेवढ्या पानाला चार वाजेपर्यंत सवलत दिली होती. ते पान खिडकीवरून थेट छापखान्यात जायचं. राजधानीत ते कोणी वाचत नसे. चौतीस गावांत गावातल्या माणसाच्या हातात उरलेलं हे एकच पान, आणि ते ताईंच्या हातात होतं. नियम दोनच. जाहिरात तीस शब्दांच्या आत हवी आणि गिऱ्हाइकाची सही हवी. कर्मचाऱ्याला स्वतः जाहिरात देता येत नसे.

अकरा प्रभाग, अकरा जाहिराती, अकरा माणसं. दोन वाजून वीस मिनिटं झाली होती.

त्यांनी पहिला फोन घरी केला. सासूबाईंनी उचलला. वय चौऱ्याऐंशी, कान शाबूत, जीभ त्याहून शाबूत. ताईंनी थोडक्यात सांगितलं.

"मग श्रद्धांजलीत टाक," सासूबाई म्हणाल्या. "सगळे आधी तेच वाचतात. कोण गेलं ते बघितल्याशिवाय मी तर चहाला हात लावत नाही."

"अहो, अजून कोणी मेलेलं नाही."

"केंद्रं मेली की."

संगणकात रकाने ठरलेले होते. नोकरी, भाड्याने, विक्री, शिकवणी, नावबदल, श्रद्धांजली, हरवले-सापडले. याबाहेर तो काही घेतच नसे. ताईंनी सगळे दोनदा वाचले आणि बोटाने शेवटचा दाबला. मग टाइप केलं, 'हरवले: प्रभाग एकचे मतदान केंद्र. सापडले: जुन्या टाउन हॉलचा तळमजला. आज पान तीनवर छापलेली यादी शेजारच्या गावाची आहे. मतदान सकाळी सात ते संध्याकाळी सहा.' शब्द मोजले. चोवीस.

संपादक खाली आले होते. त्यांनी ताईंच्या खांद्यावरून पडद्याकडे बघितलं, मग सवयीने दाराकडे बघितलं. संपादकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"विभागीय समन्वयक ना मी?" ते म्हणाले. "मग करतो समन्वय." आणि शेजारच्या टेबलावरचा फोन ओढून त्यांनी प्रभाग एकच्या न्हाव्याला बोलावलं.

न्हावी हातात कात्री घेऊनच आला. त्याचं अर्धं डोकं कापलेलं गिऱ्हाईक काय प्रकार आहे ते बघायला मागोमाग आलं. ते प्रभाग दोनचं निघालं, त्याचीही सही झाली. प्रभाग तीनच्या निवृत्त मुख्याध्यापिका आल्या. त्यांनी मजकूर वाचून एक शब्द बदलायला लावला, आणि ताईंना तो पटला म्हणून बदलला. पंक्चर काढणारा आला तो हाताचं ग्रीस कागदाला लावून गेला. बाजाराची ती भाजीवाली आली, टोपली दारात ठेवून. ती म्हणाली, "मागच्या वेळी मैदानाची नाही घेतलीत, ही तरी नीट घ्या."

"वाचून दाखवते. ऐक."

"वाचा. आणि पान तीन चुकलंय ते जरा मोठ्याने वाचा."

तीनच्या सुमाराला एक उमेदवार स्वतः आला. दारातून ओरडला, "ताई, माझी सही घ्या! अकराही जाहिराती माझ्याकडून!" त्याचा विरोधकही पाच मिनिटांत हजर. ताईंनी दोघांना हाताने बाहेरची वाट दाखवली.

"उमेदवार नको."

"का? आम्ही काय चोर आहोत?"

"तुम्ही सही केलीत तर लोक म्हणतील यादी तुमची. ही यादी गावाची आहे. बाहेर उभे राहा, आणि एकमेकांशी भांडायचं असेल तर फुटपाथवर भांडा, इथे आवाज नको."

दोघे निमूट फुटपाथवर गेले. तिथे भांडले नाहीत. दोघांनी मिळून रस्त्यावरची माणसं थांबवून रांगेत पाठवायला सुरुवात केली. तीन वाजून चाळीस मिनिटांनी दहा जाहिराती झाल्या. प्रभाग सात राहिला. त्या बाजूची बहुतेक माणसं शनिवारी दुपारी कामावर असतात. संपादकांनी सहा फोन केले, सहाही वाजत राहिले.

"प्रभाग सातमध्ये आपलंच घर आहे," ताई म्हणाल्या आणि नवऱ्याला फोन लावला. "तुम्ही कर्मचारी नाही राहिलात, पण तुम्हाला समूहाचं निवृत्तिवेतन आहे. उद्या कोणी बोट ठेवायला नको. आईंना घेऊन या."

बारा मिनिटांत स्कूटर दाराशी. मागच्या सीटवर सासूबाई, एका हाताने लेकाचा खांदा धरलेला, दुसऱ्या हातात चष्म्याची डबी. त्या उतरल्या तेव्हा फुटपाथवरचे दोन्ही उमेदवार त्यांना हात द्यायला धावले. सासूबाईंनी दोघांचेही हात धरले. "मत कोणाला देणार ते नाही सांगणार," त्या म्हणाल्या, "पण धरायला दोघेही चालता."

खिडकीशी येऊन त्यांनी पेन मागितलं. "आधी वाच."

ताईंनी वाचलं.

"स्वल्पविराम कुठे गेले?"

"आहेत हो. मनात वाचले. आठ मिनिटं राहिलीत."

"घाईत कधी सही करू नये," असं म्हणत सासूबाईंनी सावकाश, अक्षरन् अक्षर जोडून सही केली.

ताईंनी निवडणूक कचेरीच्या लिपिकाला फोन लावला. आता नुसतं काम संपलं म्हणून चालणार नव्हतं. त्याचं नाव छापायचं नव्हतं, पण यादी त्याच्या कचेरीची होती, म्हणजे शिरस्त्याप्रमाणे त्याला ऐकवायलाच हवी होती. त्यांनी एकापाठोपाठ एक जाहिराती वाचल्या. तो प्रत्येकीला "हं" म्हणत होता. नवव्या वेळी थांबला. "थांबा. नऊचं पुढचं दार रंगवतायत. मागच्या दाराने यायला सांगा." ताईंनी 'मागच्या दाराने' हे शब्द घातले. शेवटच्या जाहिरातीला लिपिक हळूच म्हणाला, "बरोबर आहे, ताई. सगळं बरोबर आहे." तीन वाजून सत्तावन्न मिनिटांनी सातवं पान छापखान्यात गेलं. संपादक खुर्चीत बसले आणि त्यांनी ताईंच्या डब्यातली गार झालेली भाजी विचारल्याशिवाय खाऊन टाकली.

रविवारी सकाळी सहाला ताई केंद्रांची फेरी मारायला निघाल्या. नवऱ्याने स्कूटर काढली. पहिल्याच चौकात त्यांना दिसलं की पेपरवाल्याभोवती घोळका आहे आणि लोक पान उघडतायत ते सातवंच. गावाने तिसरं पान वाचायचं केव्हाच सोडलं होतं. हरवले-सापडले मात्र अजून वाचलं जात होतं, कारण तिथे गावाच्याच वस्तू हरवत आणि गावाच्याच माणसांना सापडत. प्रत्येक जाहिरातीखाली ओळखीचं नाव होतं. न्हाव्याने सांगितलंय म्हटल्यावर प्रभाग एकमध्ये कोणी शंका काढली नाही. मुख्याध्यापिकांनी सांगितलंय म्हटल्यावर प्रभाग तीनमध्ये तर कोणाची टाप नव्हती. मुलींच्या शाळेपाशी तिसरं पान बघून आलेली पन्नासेक माणसं जमली होती. पंक्चरवाला तिथे सातवं पान फाटकाला टांगून उभा होता आणि येईल त्याला दिशा दाखवत होता. भाजीवाल्या टोपल्यांसकट रांगेत होत्या. टोपली जमिनीवर, मत पेटीत, टोपली पुन्हा डोक्यावर. प्रभाग नऊची माणसं बरोबर मागच्या दाराने जात होती.

ताईंनी स्वतः सव्वाअकराला मत दिलं. सासूबाई त्यांच्या पुढे होत्या. बाहेर आल्यावर बोटावरची शाई त्यांनी सगळ्यांना दाखवली आणि म्हणाल्या, "प्रूफ बघून घ्या."

संध्याकाळी आकडे आले. गेल्या निवडणुकीत शंभरातल्या अठ्ठेचाळीस माणसांनी मत दिलं होतं, यंदा एकाहत्तर. गावाच्या आठवणीत असा आकडा नव्हता. कोण जिंकलं याच्याशी ताईंना देणंघेणं नव्हतं. जो आला तो त्याच्याच मतदारांनी आणलेला होता, एवढं त्यांना पुरे होतं. पण अकरापैकी सात जागांवर नवी माणसं आली. नव्या नगरपालिकेच्या पहिल्याच सभेत मैदानाचा ठराव पुन्हा मांडला गेला आणि रद्द केला गेला. सभागृहात उभं राहायला जागा नव्हती. शिपायाला आपला डबा खिडकीत ठेवावा लागला.

मतदानाच्या दुसऱ्याच दिवशी, सोमवारी, ताईंना मुख्य कचेरीचं पत्र आलं. जाहिरातींच्या सुविधेचा गैरवापर, वाचकांत संभ्रम, समूहाच्या प्रतिष्ठेला धक्का. बुधवारी संचालक पडद्यावर येऊन सुनावणी घेतील. नवऱ्याने पत्र वाचून ते घडी घालून परत दिलं. "संभ्रम तू केलास म्हणे." ताई म्हणाल्या, "पत्रात तीन चुका आहेत." आणि पेन शोधायला लागल्या.

बुधवारी सुनावणीला आणखी एक बाई येऊन बसल्या. समूह काही वर्तमानपत्रं बंद करणार होता. कोणतं ठेवण्याजोगं आहे आणि कोणाची किती किंमत, हे ठरवायला या बाई चौतीस गावं हिंडत होत्या. सोमवारपासून त्या ताईंच्या खिडकीसमोरच्या बाकावर वही घेऊन बसल्या होत्या. रांग दाराबाहेर गेलेली त्यांनी पाहिली होती. रविवारचा अंक आठ वाजायच्या आत संपला होता, म्हणून सोमवारी माणसं कालचा अंक मिळेल का विचारत आली, हेही त्यांनी पाहिलं होतं.

संचालक पडद्यावर आले. वय ताईंच्या मुलाएवढं. "कोणाच्या परवानगीने छापलंत हे?"

"अकरा गिऱ्हाइकांच्या सह्या आहेत, साहेब. प्रत्येक जाहिरात तीस शब्दांच्या आत."

"तुम्ही आमची चूक आमच्याच पेपरात जाहिरात म्हणून छापलीत!"

"दुसऱ्याच्या पेपरात छापली असती तर बरं दिसलं नसतं."

संपादकांना खोकला आला. यावेळी त्यांनी दाराकडे पाहिलं नाही. "साहेब," ते म्हणाले, "माणसं मी फोन करून बोलावली. पत्रात माझंही नाव घाला."

संचालक काही बोलणार, तोच किंमत ठरवणाऱ्या बाई म्हणाल्या, "मी एक सांगू? मी इथे आले तेव्हा माझ्या कागदावर हा पेपर बंद करायच्या यादीत होता. इमारत जुनी, यंत्र नाही, खप उतरलेला. तीन दिवस मी त्या खिडकीसमोर बसले. तुम्ही बातमीदार काढले, मुद्रितशोधक काढले, खर्च कमी झाला म्हणालात. तो खर्च नव्हता हो. तोच माल होता. तो विकून टाकलात आणि रिकामं दुकान राखत बसलात. चौतीस गावांत अजून ज्यावर लोकांचा विश्वास आहे, असं मला एकच पान सापडलं, आणि त्यावर तुम्ही आज सुनावणी लावली आहे."

पडद्यावरच्या संचालकांनी आपल्या समोरचे कागद उलटेपालटे केले. मग त्यांनी विचारलं, "तुम्हाला काय हवंय?"

ताईंना कोणी हा प्रश्न विचारेल असं वाटलं नव्हतं, पण उत्तर तयार होतं. सदतीस वर्षं तयार होतं. "गावाचं पान गावातल्या माणसाने वाचल्याशिवाय छापायला जाऊ नये. वाचणाऱ्याला पान थांबवायचा अधिकार हवा. आणि नगरपालिकेच्या प्रत्येक सभेला आपला एक माणूस बसायला हवा. मला पद नको."

"प्रयोग म्हणून," संचालक म्हणाले. "सहा महिने."

सहा महिन्यांत खप चार हजारांचा सात हजार झाला. वर्ष उलटायच्या आत बाईंच्या अहवालावरून नियम चौतीस गावांना लागू झाला आणि एकही पेपर बंद झाला नाही. नदीपलीकडच्या गावातून एक निवृत्त शिक्षक ताईंकडे काम शिकायला आले. ते म्हणाले, "आमची यादी तुमच्याकडे आली होती म्हणे. चुकीची होती का हो?" ताई म्हणाल्या, "तुमच्यासाठी बरोबरच होती."

नियम लागू झाला त्या आठवड्यात संचालकांनी वाचकांना उद्देशून एक पत्र लिहिलं. ते चौतीसही वर्तमानपत्रांत पहिल्या पानावर चौकटीत छापायचं होतं. दुपारी ते ताईंच्या टेबलावर आलं. त्यांनी ते ओळ न ओळ वाचलं. भाषा बरी होती, एक तारीख चुकली होती, ती त्यांनी सुधारली. शेवटून दुसऱ्या वाक्याशी त्या थांबल्या. 'आमचा समूह नेहमीच स्थानिक वाचकांच्या बाजूने उभा राहिला आहे.' त्यांनी ते दोनदा वाचलं. मग शिरस्त्याप्रमाणे राजधानीला फोन लावला आणि लिहिणाऱ्याला फोनवर बोलावून घेतलं.

"साहेब, तुमचं वाक्य वाचून दाखवते," ताई म्हणाल्या आणि वाचलं. "यातला 'नेहमीच' खरा आहे का?"

"बाकीच्या तेहतीस ठिकाणी तो तसाच गेलाय," संचालक म्हणाले.

"तिथे तिथली माणसं वाचतील. मी इथलं विचारतेय."

संचालकांनी एक सुस्कारा सोडला, आणि त्यानंतर ते हसल्याचा आवाज आला. "काढा," ते म्हणाले.

ताईंनी लाल पेनाने 'नेहमीच' वर रेघ मारली, समासात आपली सही केली आणि पान छापायला सोडलं.